सोमवारच्या मीटिंगमधली संचिता

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं समजावं. ऑगस्ट २००७, मालवण, सोमवारची भर दुपार. काळोख नाही, अमावस्या नाही. संचिता माझी मामेबहीण. तिच्या तोंडून ऐकलं तेवढंच सांगते.

मुंबईच्या एका मासळी कंपनीचं बंदराजवळ छोटंसं ऑफिस होतं. तिथे संचिता एकटीच कामाला. दर सोमवारी टेबलावरच्या स्पीकर-फोनवर मीटिंग व्हायची. मुंबईहून साहेब, देवगडहून गुरुदास, वेंगुर्ल्याहून अक्षदा.

अक्षदा म्हणजे तिची जिवाची मैत्रीण. एकीला शिंक आली तर दुसरी फोन करणार, असल्या दोघी.

संचिताला त्या मीटिंगचा धसकाच होता. समोर माणूस असला की त्याची भुवई तरी दिसते. इथे आपण बोलून थांबायचं, आणि पलीकडून नुसती शांतता... साहेब चिडले की जेवायला उठून गेले, काही पत्ता लागायचा नाही.

त्या सोमवारी तर नोकरीवरच आलं होतं. गाडीभर कोळंबी वाटेत नासली होती आणि ठपका संचितावर येणार होता. बर्फ कमी भरला गेला वेंगुर्ल्यात, हे संचिताला ठाऊक होतं. अक्षदालाही. "मी सांगतलंय सायबांका, तू भियां नको," असा शब्द अक्षदाने सकाळीच दिला होता. वडिलांनी होडी विकल्यापासून घर संचिताच्याच पगारावर चालायचं.

साहेबांनी विचारलं, "चूक कोणाची?"

शांतता...

अक्षदा आता बोलेल. आता बोलेल.

कोणीच बोललं नाही.

मग संचिताच्या लक्षात आलं, ही शांतता नेहमीची नाही... तिने रिसीव्हर उचलून कानाला लावला.

फोन मेला होता.

तिने घाईघाईने अक्षदाचा मोबाईल लावला. अक्षदाने उचलला.

"अक्षदा, माजो फोन मेलो गो! सायबांका सांग, मी लायनीवर नाय!"

अक्षदाच्या ऑफिसातला स्पीकर मागे चालू होता. त्यातून एक बाई बोलत होती. शांतपणे, कुठेही न अडखळता...

"होय साहेब. चूक माझीच."

आवाज संचिताचा होता.



"अक्षदा! ता मी नाय! सांग तेंका!"

पलीकडे अक्षदाचा श्वास ऐकू येत होता... मग तिने फोन कट केला.

पुन्हा लावला. बंद.

टेलिफोनची लाईन तिसऱ्या दिवशी आली. त्याआधीच संचिताची नोकरी गेली होती. "तुम्ही स्वतः कबूल केलंत," साहेब म्हणाले. गुरुदासनेही शपथेवर तेच सांगितलं.

महिन्याभराने ती एसटीने वेंगुर्ल्याला गेली. अक्षदा तिला बघून खुर्चीतून उठलीसुद्धा नाही.

"तुका म्हायत होता, ता मी नाय."

"होता."

"मगे गप कित्याक रवलंस?"

"सगळे गप रवले, म्हणान मी पण रवलंय. बोललंय असतंय तर माजी नोकरी गेली असती."

संचिता रागाने जायला वळली.

"ती अजून येता गो..."

"कोण?"

"तू. दर सोमवारी. सायब 'मालवण?' म्हणून विचारतत, आणि तू 'हजर' म्हणतंस. तुज्या ऑफिसाक कुलूप आसा, ता सगळ्यांका ठावक. पण कोणच काय म्हणत नाय."

संचिता परत फिरली. "काय बोलता ती?"

"सगळ्याक होय म्हणता." अक्षदाने मान खाली घातली. "बरी आसा ती. तुज्यापरास बरी."

ते काय होतं, आम्हाला आजही कळलेलं नाही. संचिता हल्ली दोडामार्गला काजूच्या कारखान्यात जाते. फोन वाजला की आधी दुसऱ्या कोणाला तरी उचलायला लावते.

गेल्या वर्षी अक्षदाचं लग्न झालं. आमच्याकडून कोणी गेलं नाही. पण अक्षदा मांडवात सगळ्यांना डोळे पुसत सांगत होती म्हणे... सकाळीच संचिताचा फोन आला होता. खूप गोड बोलली. झालं गेलं सगळं माफ केलं म्हणाली.

संचिताने तिला फोन केलेला नाही. आणि माफ तर मुळीच केलेलं नाही.