दुसऱ्या रांगेतली तिसरी खुर्ची

मुरबे आणि सातपाटी यांच्या मध्ये खाडी आहे. रस्त्याने जायचं तर लांबचा वळसा पडतो, होडीने दहा मिनिटं. पौषातल्या एका रविवारी होडी सुटता सुटता एक तरुण धक्क्यावरून धावत आला. त्याच्या पाठीवर जवळजवळ त्याच्याएवढीच एक काळी पिशवी होती. होडीवाल्या धर्मेशने ती पिशवी खालपासून वरपर्यंत पाहिली आणि दोन तिकिटांचे पैसे मागितले.

"उबी राहते ना, मग माणूसच धरायची," धर्मेश म्हणाला.

तरुणाने वाद घातला नाही. पैसे दिले, पिशवी आपल्या आणि शेजारच्या प्रवाशाच्या मध्ये उभी केली आणि तिला एका हाताने सांभाळून बसला. शेजारची प्रवासी होती किंजल.

किंजल चुरी माकुणसारची. वडिलांची पानवेलीची वाडी, आणि ती स्वतः पालघरच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायला. त्यामुळे ओळखीचे लोक तिच्याशी जरा हात राखूनच बोलत. नुकतीच ती सहायक मंडळाची सभासद झाली होती. पालघरात हौशी लोकांचा एक वाद्यवृंद आहे, त्याच्या जोडीला वृंदगान आहे. बोईसरच्या कारखान्यांतले कामगार, शिक्षक, दोन नर्सबाई असे चाळीस जण जमून आपलं आणि पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत अगदी मनापासून वाजवतात, गातात. नुसत्या टाळ्यांवर असं काही जगत नाही. हॉल, वाद्यं, शिकवणारे गुरुजी, हे सगळं बघतं ते सहायक मंडळ. पास खपवायचं कामही मंडळाचंच, आणि नव्या सभासदाच्या गळ्यात ते आधी पडतं.

सकाळभर मुरब्यात फिरून किंजलचे तीनच पास खपले होते. वाऱ्याला सुकत घातलेल्या बोंबलांचा वास येत होता. तिने पिशवीच्या वरून डोकावून विचारलं, "शास्त्रीय संगीत ऐकता का?"

"ऐकतो. पण झोप येते."

"मग याच. खुर्च्या चांगल्या आहेत."

तो हसला. हसताना त्याचे डोळे आधी हसत आणि ओठ मागाहून, हे किंजलने पाहिलं आणि लगेच खाडीकडे बघायला लागली.

"वाजवतं कोण तुमच्यात?" त्याने विचारलं.

"पुष्कळ जण. एक नवा चेलोवाला आलाय, मुरब्याचाच आहे म्हणे. मी अजून ऐकला नाय. पण आमचे अध्यक्ष म्हणतात, बरा वाजवतो."

"नुसता बरा?"

"कृष्णकांतकाका कुणालाच चांगला म्हणत नायत."

त्याने जरा विचार केला, एका पासाचे पैसे दिले आणि म्हणाला, "झोप लागली तर उठवणारं कुणी शेजारी हवं."

किंजलकडे स्वतःसाठी ठेवलेले दोन पास होते, सी-अकरा आणि सी-बारा. तिने बारा त्याला दिला. का दिला ते तिलाही नीट सांगता आलं नसतं… वारा होता, होडी हलत होती, असंच काहीतरी.

कार्यक्रमाच्या दिवशी सी-बारा रिकामी राहिली. किंजलने तिच्यावर पर्स ठेवली. दोघांनी येऊन विचारलं, इथे कुणी आहे का? दोघांनाही तिने सांगितलं, "येईल आता." आणि पडदा उघडला, तेव्हा दुसऱ्या रांगेत, गुडघ्यांत चेलो, ते माणसाएवढं व्हायोलिन, धरून तो बसला होता. त्याने प्रेक्षकांत शोधलं, सी-बारावरची पर्स त्याला दिसली आणि तो मान खाली घालून हसला. किंजलला इतकी लाज वाटली आणि इतका आनंद झाला की पहिला राग तिने ऐकलाच नाही. दुसरा मात्र ऐकला. चेलोचा सूर तिने आधी कधी जवळून ऐकला नव्हता. संध्याकाळी वाडीला पाणी सोडल्यावर माती ओली होत जाते, तसं तिला आत कुठेतरी झालं.

त्याचं नाव हितेश मेहेर. तारापूरच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन, सुट्टीला वडिलांच्या बोटीवर, आणि चेलो शिकला वसईच्या एका म्हाताऱ्या मास्तरांकडे.

सहायक मंडळाची एक रीत आहे. वादकांच्या प्रत्येक खुर्चीला एक पालक असतो. पालकाने वर्षभर त्या खुर्चीच्या खर्चाचा भार उचलायचा आणि प्रत्येक कार्यक्रमानंतर वादकाला चार ओळींची चिठ्ठी लिहायची, पण नाव लिहायचं नाही. खुर्च्यांच्या पाठींना मंडळातल्या विजयाकाकूंनी कापडी खिसे शिवले आहेत. चिठ्ठी काकूंकडे द्यायची, त्या ती खिशात टाकतात. कोण कुणाचा पालक हे काकूंशिवाय कुणाला माहीत नसतं, आणि काकूंच्या तोंडून ते निघत नाही.

किंजलने दोनदा मोजलं. दुसरी रांग, डावीकडून तिसरी. तीच खुर्ची तिने मागून घेतली.

पहिल्या चिठ्ठीत तिने लिहिलं, "तुमचा सूर सगळ्यांच्या खाली असतो, म्हणून बाकीच्यांना वर जाता येतं." पुढच्या तालमीला ती मुद्दाम चहा वाटायला गेली आणि हितेशच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. काही नाही. चहा घेतला, साखर कमी आहे म्हणाला, एवढंच. दुसरी चिठ्ठी गेली, तिसरी गेली. मोठ्या कार्यक्रमांच्या मधे गणेशमंदिरात, शाळेत, कुणाच्या अंगणात लहान मैफली असत, आणि प्रत्येकीनंतर किंजल चार ओळींसाठी चार कागद फाडायची. त्याच्याकडून मात्र एक शब्द नाही. तसा तो तिच्याशी बोलायचा, स्टँडपर्यंत सोबत यायचा, बारा नंबरला कोण बसलं होतं म्हणून चिडवायचा. "पर्स," ती सांगायची. "नशीबवान हाय," तो म्हणायचा. त्याच्या बोटांवर जाळ्याच्या दोरीने पडलेले वळ होते. त्यांच्याकडे बघत ती एसटीची वाट पाहायची, आणि एसटी उशिरा आली तर तिला बरं वाटायचं. पण चिठ्ठ्यांचं नाव नाही. वाचून त्याला काहीच वाटत नसेल का? की त्या त्याने न वाचताच टाकल्या? रात्रंदिवस तिच्या मनात हेच.

चिठ्ठ्यांचा परिणाम दिसत होता तो भलत्याच माणसावर. रामकिसन म्हणून सालवडला राहणारा, उत्तरेकडचा एक कामगार होता, पूर्वी लग्नाच्या बँडमध्ये मोठं पितळी वाद्य वाजवायचा. तोही दुसऱ्या रांगेतच बसे, दुसऱ्या टोकाला. हा माणूस हल्ली तालमीला सगळ्यांच्या आधी यायला लागला होता, आणि आषाढात तर इस्त्रीचा पिवळा शर्ट घालून. किंजलने ते पाहिलं आणि सोडून दिलं.

आषाढातच ती बातमी आली. चेन्नईच्या एका संगीत विद्यालयाने हितेशला दोन वर्षांसाठी घेतलं होतं. खर्च मंडळाने करायचा. पण मंडळाला यंदा एकच गोष्ट जमणार होती, हितेशला पाठवणं किंवा जुनी झालेली वाद्यं बदलणं. पाच जणांच्या समितीत दोघे इकडे, दोघे तिकडे. पाचवी, नव्या सभासदांच्या वतीने घेतलेली, किंजल. आणि मंडळाचा नियम असा की ज्या वादकाचा विषय असेल, त्याच्याशी सभासदाचं नातं असेल किंवा होऊ घातलं असेल, तर त्या सभासदाने खोलीबाहेर जायचं. चार मतांत बरोबरी झाली तर ठराव पडतो.

म्हणजे किंजलने मनातलं बोलायचं, तर हितेश जाणार नाही. बोलायचं नाही, तर जाणार. असा पेच तिच्या वैऱ्यावरही येऊ नये.

बैठकीच्या चार दिवस आधी तिला राहवलं नाही. तिने चिठ्ठीत लिहिलं, "होडीत तुमच्या-माझ्यामध्ये ती काळी पिशवी उभी होती. तेव्हापासून ती मध्येच आहे. ती नसती तर मी तुम्हाला ऐकलंही नसतं… आणि आहे म्हणून हात पोचत नाही." नाव लिहिलं नाही. लिहायची गरजही नव्हती. काकूंनी चिठ्ठी घेतली आणि किंजलकडे एकदा पाहिलं. त्या संध्याकाळी तालमीत हितेश, जो कधी चुकत नसे, तो आपली जागा आली तरी गज हातात धरून तसाच बसून राहिला. तिच्याकडे मात्र त्याने पाहिलं नाही.

बैठकीला पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की कृष्णकांतकाकांना दोनदा विचारावं लागलं. "किंजल, तुझं हितेशशी काही नातंबितं, काही ठरलेलं? विचारायचं म्हणून विचारतो."

"नाय काका," किंजल म्हणाली. "माझं कुणाशी काय नाय."

आणि तिने हात वर केला. आयुष्यात ती इतकं सरळ खोटं कधी बोलली नव्हती, आणि त्या खोट्याने तिचं इतकं नुकसानही कधी झालं नव्हतं. घरी जाऊन तिने वाडीत बसून पोटभर रडून घेतलं. वडिलांना सांगितलं, डोळ्यांत काहीतरी गेलं.

नारळी पौर्णिमा झाली. हितेशच्या शेवटच्या तालमीचा रविवार आला. सकाळीच तालीम संपली, विजयाकाकूंनी नारळाच्या वड्या वाटल्या, माणसं पांगली. किंजल खुर्च्या एकावर एक रचत होती. हितेश चेलो पिशवीत घालत होता. तेवढ्यात पिवळ्या शर्टातला रामकिसन आला आणि हितेशसमोर उभा राहिला. त्याने खिशातून प्लॅस्टिकची एक पिशवी काढली. तीत चिठ्ठ्या होत्या, नीट घडी घातलेल्या.

"भैया, अब ये कौन पढ़ेगा?" तो म्हणाला. "मराठी अपनेको आता नहीं. घरवाली फोन पे रोज पूछती है, नई चिट्ठी आयी क्या."

किंजलच्या हातातली खुर्ची तशीच राहिली. अक्षर तिचं होतं.

हितेशने तिच्याकडे पाहिलं आणि मग रामकिसनच्या खांद्यावर हात ठेवला. यापुढे किंजलताई वाचून दाखवतील, त्यांचा आवाज माझ्यापेक्षा चांगला आहे, असं काहीतरी त्याने सांगितलं. रामकिसनने किंजलला वाकून नमस्कार केला आणि खूश होऊन गेला.

किंजलने हातातली खुर्ची खाली ठेवली.

"स्टेजवर डावं-उजवं उलटं असतं, किंजल," हितेश म्हणाला. "आमी आमच्या डाव्या हातापासून मोजतो."

"म्हणजे सगळ्या…"

"सगळ्या त्याला गेल्या. आठ चिठ्ठ्या मी त्याला मोठ्याने वाचून दाखवल्या. वाचता वाचता वाटायचं, हे कुणी मला लिहिलं असतं तर… त्या मेल्या रामकिसनचा हेवा वाटायला लागला मला." तो थांबला. "नववी त्याला वाचून दाखवली नाय."

"मग त्याला काय सांगितलंस?" ती कधी एकेरीवर आली तिलाही कळलं नाही.

"चिठ्ठीत लिवलंय, पिवळा शर्ट तुला शोभतो."

किंजलला हसू आलं, आणि हसता हसताच डोळे भरले. "म्हणजे बैठकीच्या आधीच तुला कळलं होतं. मग बोलला का नायस?"

"बोललो असतो तर तुला खोलीबाहेर जावं लागलं असतं." तो पिशवीचा पट्टा ओढत राहिला, उगाचच. "आणि खरं सांगू? वाटायचं, तू हात वर करणार नायस. कधी त्याने बरं वाटायचं, कधी भीती वाटायची. काकांनी सांगितलं, किंजलने हात वर केला, त्या दिवशी मी होडीतून तीनदा खाडी पार केली. घरी जाववेना. धर्मेशने पैसे मात्र सहा तिकिटांचे घेतले."

"मी काकांशी खोटं बोलले," किंजल म्हणाली. "माझं कुणाशी काय नाय म्हणून. माझं आहे. पौषापासून आहे."

"माझंबी हाय," हितेश म्हणाला. "होडीपासून."

त्याने पिशवी खांद्यावरून उतरवली आणि बाजूला, भिंतीला टेकवून ठेवली. दोघांच्या मध्ये काही उरलं नाही. त्याने तिचे हात हातात घेतले. जाळ्याचे ते वळ तिने पहिल्यांदा स्पर्शाने ओळखले, आणि त्या क्षणी दोन वर्षं म्हणजे किती दिवस होतात हा हिशेब तिने मुद्दाम केला नाही. बाहेर श्रावणातलं ऊन पडून पुन्हा सर आली.

निघताना त्याने पाकिटातून एक कागद काढला. पास होता. सी-बारा. कडेची पट्टी तशीच शाबूत.

"फाडलेला नाय," तो म्हणाला. "मी मागच्या दाराने स्टेजवर गेलो होतो. पैसे देऊन घेतलेली खुर्ची हाय माझी. एकदा तरी तिथे बसून तुझ्या शेजारी ऐकायचंय. तोवर कुणाला बसू देऊ नको."

"आणि झोप लागली तर?"

"उठव."

त्याने पास परत पाकिटात ठेवला. तो तिला द्यायचा नव्हताच, फक्त दाखवायचा होता.

दिवाळीच्या कार्यक्रमाला हॉल गच्च भरला. दुसऱ्या रांगेत चेलोच्या जागी एक नवीन मुलगी बसली होती. दुसऱ्या टोकाला पिवळ्या शर्टातल्या रामकिसनने प्रेक्षकांकडे बघून छाती काढली. त्याच्यासाठी किंजलच्या पर्समध्ये दहावी चिठ्ठी तयार होती, यावेळी खरोखरच त्याच्या मागच्या मैफलीतल्या वाजवण्यावर. दुपारी चेन्नईहून फोन आला होता. फोनवर हितेशने फक्त एकच सूर वाजवला होता, सगळ्यांत खालचा, आणि तो संपेपर्यंत दोघांनीही श्वास धरला होता.

दिवे मंदावले. एक काकू अंधारात चाचपडत आल्या आणि सी-बाराच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी विचारलं, इथे कुणी आहे का?

"आहे," किंजल म्हणाली. "यायला वेळ लागेल, पण आहे."