अंगठ्याशेजारचं रोप

"हा एक सोडून देऊ का? नुसतेच दगड आलेत," फोटो छापून देणाऱ्या काकांनी विचारलं, आणि रांगेत मागे उभ्या असलेल्या मला राहवलं नाही.

"दगड नाहीत ते. रोपं आहेत!"

पुढच्या माणसानं वळून पाहिलं. बाहेरच्या पावसानं त्याचा एक खांदा भिजला होता, बोटांच्या पेरांत वंगण मुरलेलं होतं, आणि डोळे... एरवी अशा डोळ्यांपुढे मी लाजले असते. पण ते इतके दमलेले होते, की मला नुसतं वाईट वाटलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"पोटापाण्याचं कामच आहे ते. वनस्पती संग्रहालयात असते मी. लोक फोटो पाठवतात, मी रोपाचं नाव सांगते. बहुतेक फोटो पाणी घालून घालून मारलेल्या कुंड्यांचे असतात." मी पुढे वाकले. "हे बघा, दोन गुबगुबीत पानं, मध्ये चीर. वाळवंटातलं रोप आहे. जनावरांनी खाऊ नये म्हणून दगडाचं सोंग घेतं. आणि शेजारी अंगठा ठेवलाय ना, तो मापासाठी. फोटो काढणाऱ्याला चांगली अक्कल आहे."

"आहे की होती, तेच कळत नाहीये," तो म्हणाला. "माझा धाकटा भाऊ."

माझी जीभ अशीच नेहमी मला तोंडघशी पाडते.

चार महिन्यांपूर्वी धाकटा एकटाच रोपं शोधायला वाळवंटात गेला होता. फोनला रेंज मिळेल तिथून आईला फोटो पाठवायचा. एकोणीस आले, आणि मग काहीच नाही. शोधपथकानं दक्षिणेकडचा भाग दहा दिवस पिंजून काढला आणि हात टेकले. फोटो कुठे काढलेत, ते फोटोंवरून कळत नव्हतं. आईला फोनवर नीट दिसत नाही, म्हणून थोरला ते कागदावर छापून घेत होता.

"रोपावरून जागा कळते का हो?" त्यानं हळूच विचारलं.

"कधी कधी. बुधवारी या, एकोणीसच्या एकोणीस घेऊन."

तो आला. पुढच्या बुधवारीही आला. लिफ्ट दुरुस्त करायचा तो. मी त्याला 'दगडवाले' म्हणायला लागले, तर तो म्हणाला, "आणि तुम्ही? वाळक्या पानांच्या मालकीणबाई!" आम्ही टेबलावर भिंग ठेवून पानं मोजायचो, पानांवरचे ठिपके मोजायचो. एकाच भिंगातून दोघांनी बघायचं म्हणजे डोकी जवळ येणारच... माझं मोजणं दर वेळी चुकायचं.

"किती झाले?" तो विचारायचा.

"तुम्ही श्वास जरा तिकडे सोडा, मग सांगते."

तो हसायचा, आणि दुसऱ्याच क्षणी फोटोतल्या अंगठ्याकडे त्याची नजर जायची. पहिल्या फोटोत तो अंगठा गुळगुळीत होता. सोळाव्यात त्याला भेगा पडल्या होत्या. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

तिसऱ्या बुधवारी तो गेल्यावर सतराव्या फोटोतलं रोप मला सापडलं. कपाटात त्या जातीचा वाळवलेला एकच नमुना होता, साठ वर्षांपूर्वीचा. खाली लिहिलं होतं: कोरड्या नदीपलीकडे उत्तरेला, पांढऱ्या खड्यांचं पठार. ते रोप दुसरीकडे कुठेच उगवत नाही. आणि शोध झाला होता दक्षिणेला.

मी फोन हातात घेतला. मग खाली ठेवला. आधी खात्री करून घ्यावी, असं मनाला समजावलं. खोटं होतं ते. माझी खात्री पहिल्या पाच मिनिटांतच झाली होती.

चौथ्या बुधवारी तो शाल घेऊन आला. "आईनं दिलीय. म्हणाली, त्या थंड खोलीत पोरगी कुडकुडत असेल." माझ्या केसांत अडकलेलं वाळकं पान त्यानं दोन बोटांनी अलगद काढलं. "आज काही सापडलं?"

"अजून नाही," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं... आणि दुसराच विषय काढला.

ती शाल घेऊन मला झोप लागेना. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या कामावरच गेले. एका इमारतीच्या जिन्यात तो हत्यारं मांडून बसला होता. मी जागा सांगितली, कागद दाखवला.

"कधी कळलं?"

"कालच्या नाही, त्याआधीच्या बुधवारी."

"म्हणजे आठ दिवस?" त्यानं हातातला पाना खाली ठेवला. "का?"

"जागा कळली की तो गेला हे पक्कं होणार होतं. आणि तुमचं येणं थांबणार होतं. मला तुम्ही आवडता... हे काही कारण नव्हे, मला माहितेय."

त्यानं एकेक पाना पिशवीत भरला आणि जिना उतरून गेला.

धाकटा दुसऱ्याच दिवशी शोधपथकाला सापडला, पठारावर एका खडकाच्या आडोशाला. जीव जाऊन चार महिने होत आले होते. माझ्या आठ दिवसांनी त्याचं काही बिघडलं नव्हतं. तरी मला स्वतःचं तोंड आरशात बघवत नव्हतं.

तीन आठवड्यांनी तो संग्रहालयाच्या दारात उभा राहिला. गालफडं बसली होती.

"आईनं तुला बोलावलंय." पहिल्यांदाच 'तुला' म्हणाला. "तिला ते आठ दिवस माहीत नाहीत. सांगू नकोस."

"तुम्ही मला माफ केलंत?"

"नाही. पण शाल आणली त्या बुधवारी तुझा चेहरा बघून मला कळलं होतं, की काहीतरी सापडलंय. मी विचारलं नाही. मलाही अजून एक बुधवार हवा होता... आता कुणी कुणाला माफ करायचं?"

त्यांच्या स्वयंपाकघरात आईनं माझे दोन्ही हात धरले. "माझा मुलगा तू शोधून दिलास, बाळा. बघितल्याबरोबर ओळखलंस ना?"

"हो आई, लगेच," तो घाईनं म्हणाला. माझ्यासाठी खोटं बोलताना त्याचे कान लाल झाले होते. त्या क्षणी मला तो इतका आवडला, की मान हलवून गप्प बसणं अगदी सोपं होतं.

"नाही, काकू," मी म्हणाले. "ओळखलं, आणि आठ दिवस सांगितलं नाही. हे येणार नाहीत म्हणून."

आईनं हात सोडले. मुलाकडे पाहिलं. "आणि तुला माहीत होतं?"

"शंका आली होती," तो खाली बघत म्हणाला.

"रोज सकाळी मी त्याच्यासाठी एक कप जास्त चहा टाकत होते," आई म्हणाली. "आठ दिवस तुम्ही दोघांनी मला तो टाकू दिलात." आणि ती रडली, मोठ्यानं, आमच्यापैकी कुणालाही जवळ येऊ न देता. आम्ही दोघं गुन्हेगारांसारखे उभे राहिलो. जावं की थांबावं, मला कळेना. मी पिशवी उचलली.

"कुठे निघालीस? बस खाली." तिनं पदरानं तोंड पुसलं. तिचा राग गेला नव्हता, तो तसाच आवाजात होता. "यापुढे या घरात माझ्यापासून काही लपवायचं नाही. दोघांनीही."

"नाही लपवणार," तो म्हणाला, आणि आईच्या देखत त्यानं माझा हात हातात घेतला.