भट्टीतला घडा

"मॅडम, लवकर या! घडा नाही!"

अनिरुद्धची हाक ऐकली आणि शर्मिष्ठा चहा तसाच टाकून खड्ड्याकडे धावली.

गोराईच्या टेकाडावर अख्खा हिवाळा खणून तिच्या चमूने जुन्या कुंभारांची भट्टी उघडी केली होती. भट्टीच्या पोटात एकच घडा अखंड सापडला होता. आज तो उचलायचा, खड्डा बुजवायचा आणि आपापल्या घरी जायचं, असं ठरलं होतं.

आता तिथे नुसता ओला खळगा होता. भट्टीच्या भिंतीवर साधा ओरखडाही नव्हता.

"माती भिजवून, सावकाश खुरपून काढलाय," शर्मिष्ठा म्हणाली. "आपण काढतो तसा."

"म्हणजे आपल्यातलाच कोणीतरी. रात्री मी बोरिवलीला घरी होतो, आत्ताच्या बोटीने आलो. तुम्ही गावातल्या खोलीवर. इथे होता फक्त धोंडिराम."

पहारेकरी धोंडिराम मान खाली घालून उभा होता. त्याची खाट पाण्याच्या ड्रमला लागूनच होती. माती मऊ करायला टँकरचं गोडं पाणी त्या ड्रममधूनच घेत.

"झोप लागली होती?" शर्मिष्ठाने विचारलं.

"लागली बाई. खोटं कशाला बोलू?"

"ड्रमचा नळ वाजला?"

"नाय. तो केवढ्यानं किंचाळतो! मला जाग आलीच असती."

"चोर हाच, साक्षीदारही हाच," अनिरुद्ध करवादला. "मी पोलिसांना फोन करतो."

"संध्याकाळपर्यंत थांब."

ती एकटीच खळग्यापाशी बसली. कुंपणापलीकडे उर्सुलाआंटीचं घर होतं. नवरा मार्कस गेल्यापासून म्हातारी एकटीच राहायची. सकाळी ओट्यावर बसून ती काम बघायची, "काय गावला गो?" म्हणून विचारायची. आज ओटा रिकामा होता.

ऊन चढलं, तशी खळग्याची कड वाळली आणि तिच्यावर पांढरी भुकटी फुलून आली. शर्मिष्ठाने बोट लावून चाखलं. खारट. काल शेजारीच भिजवलेली माती मात्र वाळून तांबडीच राहिली होती.

तिने दोघांना बोलावलं आणि सरळ उर्सुलाआंटीच्या ओट्यावर नेलं.

"अनिरुद्ध, चोराने खारं पाणी वापरलंय. धोंडिरामला गोडं पाणी उशाशी होतं, तो खारं कशाला आणेल? नळ वाजून धोंडिराम उठेल, ही भीती दुसऱ्याच कुणाला तरी होती. तू असतास तरी खारं पाणी वापरलं नसतंस."

"छे! मीठ मुरलं की भांड्याचे पापुद्रे सुटतात."

"बरोबर. म्हणजे माती भिजवायची हे चोराने पाहून पाहून शिकलेलं, पण गोड्या पाण्यानेच का, हे ठाऊक नव्हतं. खाडीचं पाणी आणलं असतं, तर चिखलाचे पाय उमटले असते. कुंपणाला लागून खाऱ्या पाण्याची विहीर एकच आहे. आंटी, तुमची."

उर्सुला दारात उभी होती. ती आत गेली आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेला घडा दोन्ही हातांनी छातीशी धरून घेऊन आली.

"मना तो नको होता," ती म्हणाली. "घडा उचलला का तुमी जानार. लेक पर्ल मालाडला दिली, ती नाताळालाच येते. घडा नाय गावला तर शोधाया तरी र्‍हाल, असा वाटला."

"आणि धोंडिरामवर आळ आला तर?"

तिचा चेहरा उतरला. "तवडा नाय सुचला. माफ कर रे बाबा."

धोंडिराम ओट्याच्या पायरीवर टेकला. मग म्हणाला, "मला हाक मारायची व्हती मावशी. मी पन रातभर एकलाच असतो."

अनिरुद्धने खिशात घातलेला फोन पुन्हा बाहेर काढला नाही.

दुसऱ्या दिवशी खड्डा बुजला. घडा घेऊन अनिरुद्ध दुपारच्या बोटीने गेला. मुलुंडच्या घरी परतायला बॅग भरून शर्मिष्ठा निरोप घ्यायला कुंपणाशी आली.

"मुलुंडला कोन हाय गो तुजा?" उर्सुलाने विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर द्यायची वेळ तिच्यावर बऱ्याच वर्षांत आली नव्हती.

"कोणी नाही, आंटी."

"मंग जेवून जा."

शर्मिष्ठाने बॅग ओट्यावर ठेवली. खाली धक्क्यावर बोटीने भोंगा दिला. ती आत गेली आणि विळीवर कांदा चिरायला बसली.