पन्नासावा माणूस

हाल्वेगनं लोकरीचा जाड स्वेटर टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "वास घे."

स्टेनुननं वास घेतला आणि स्वेटर ओर्वारकडे सरकवला. ओर्वार पूर्वी बस चालवायचा. आता तो स्टेनुनची गाडी चालवायचा, तिची कॉफी प्यायचा आणि तिच्या खासगी तपासांत लुडबुड करायचा. त्यानं स्वेटरात नाक खुपसलं.

"सुकी मासळी," तो म्हणाला. "भूक लागली बघ."

"माझे बाबा मेले तेव्हा त्यांच्या अंगावर होता तो."

ओर्वारला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं स्वेटर नीट घडी करून परत ठेवला.

हाल्वेगचे वडील थोरग्रीमुर, वय एक्याऐंशी. ग्राउदालुर नावाच्या परगण्यात चाळीस मेंढ्या घेऊन एकटे राहायचे. परगणा म्हणजे एक दरी आणि बारा घरं. देशभरातला सगळ्यात लहान. तीन डिसेंबरला ते मेंढवाड्यात पडलेले सापडले. वरच्या गवताच्या माळ्यावरून पडून मान मोडली, तिथल्या तिथे मेले, असं डॉक्टरनं लिहिलं होतं. चार तारखेला तो पोचला तेव्हा प्रेत ओंडक्यासारखं गोठलं होतं.

"दात गेल्यापासून बाबांनी सुक्या मासळीला हात लावला नव्हता," हाल्वेग म्हणाली. "आणि एयोल्फुर त्यांच्यावर डूख धरून होता. शेजारीच राहतो. पण तो एक तारखेच्या सकाळी होडीनं बंदरावर गेला, तो चार तारखेला परतला. मग मी संशय घेऊ कोणावर? मला फक्त खरं काय ते कळू दे. त्याशिवाय मी त्यांना मातीत ठेवणार नाही."

दुसऱ्या दिवशी तिघं ग्राउदालुरला पोचली. खिंडीतल्या रस्त्यावर बर्फ काचेसारखं गुळगुळीत झालं होतं आणि ओर्वार तासभर जीव मुठीत धरून गाडी हाकत होता.

परगण्याची प्रमुख गुद्नी दारातच उभी होती. साठीची, रुंद खांद्यांची बाई. तिच्या घरामागे मासळी वाळवायची फळ्यांची वारेशीर झोपडी दिसत होती.

"रस्ता असाच आहे," ती म्हणाली. "तीस नोव्हेंबरला दुपारी पाऊस पडला, संध्याकाळी जे गोठलं ते अजून वितळायचं नाव नाही. या, आधी मेंढवाडा बघून घ्या."

मेंढवाड्यात शिरताच ओर्वारनं हातमोजे काढले, मग टोपी, मग कोटाची बटणं. चाळीस मेंढ्यांच्या श्वासानं आत चांगली ऊब होती. एक मेंढी बादलीतलं पाणी चपचप पीत होती.

"माझ्या घरापेक्षा बरं आहे इथे," तो म्हणाला.

स्टेनुननं बादलीत बोट बुडवून पाहिलं आणि कोटाला पुसलं.

"थोरग्रीमुरला शेवटचं जिवंत कधी पाहिलंस?" तिनं गुद्नीला विचारलं.

"दोन तारखेला, लांबून. पण एक तारीख तर पक्की लक्षात आहे. सार्वभौमत्वाचा दिवस. दहा वाजता त्यानं ध्वज चढवला, दिवस मावळायला उतरवला. साठ वर्षं एकदा चुकला नाही बघ. कोणालाही विचार."

त्यांनी चार घरं विचारली. चारही ठिकाणी तेच उत्तर मिळालं, जवळजवळ त्याच शब्दांत. ओर्वारला बरं वाटलं. इतके लोक एकच सांगतात म्हणजे ते खरंच असणार.

"एक तारखेला एवढं काय आहे?" त्यानं विचारलं. उत्तर हाल्वेगनं दिलं.

"त्या दिवशी शिरगणती होते. पन्नासाच्या खाली गेला की परगणा संपला, बंदरवाल्यांच्या परगण्यात विलीन. मग शाळा बंद, कुरणांवर बंदरवाल्यांचा हुकूम. इथे बरोब्बर पन्नास होते. बाबा धरून."

"म्हणजे विलीनीकरण हवं असलेल्यानं एक तारखेच्या आधी मारलं असतं," ओर्वार म्हणाला. "नंतर मारून काय उपयोग? वरातीमागून घोडं."

"कधी कधी तू शहाण्यासारखं बोलतोस," स्टेनुन म्हणाली. "विलीनीकरण हवंय कोणाला?"

"एकट्या एयोल्फुरला," हाल्वेग म्हणाली.

थोरग्रीमुरच्या घरासमोर ध्वजाचा खांब होता. दोरीवर खालपासून वरपर्यंत बोटभर जाड बर्फाचं पारदर्शक कवच चढलं होतं. खुंटीला मारलेली गाठही त्यातच अडकली होती, भेग नाही की ओरखडा नाही. ओर्वारला ते फार सुंदर वाटलं, आणि तसं तो म्हणालाही.

स्वयंपाकघरात गुद्नीनं एक कागद पुढे केला. पत्ता बदलल्याची नोंद करायचा छापील अर्ज. राजधानीतला हाल्वेगचा पत्ता भरलेला, सहीची जागा कोरी.

"टेबलावर होता. तूच धाडला असशील बापाला," गुद्नी जरा तिखटपणे म्हणाली.

"मी? मी कशाला धाडू? बाबा इथून हलणार नाहीत हे मला माहीत नव्हतं का?"

"हे अर्ज मिळतात कुठे?" स्टेनुननं विचारलं.

"बंदरावरच्या कचेरीत. आमच्यातलं कोण जातंय तिकडे?"

एयोल्फुर परगण्याच्या सभागृहात भेटला. चाळिशीचा, ओढलेल्या चेहऱ्याचा माणूस. तीन हिवाळ्यांमागे त्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या आणि गाडी खिंडीत अडकली. बर्फ काढणारं यंत्र पोचायला नऊ तास लागले. बायको आणि बाळ दोन्ही गेली. परगणे एक झाले तरच खिंडीखालून बोगदा खणू, असं सरकारनं लिहून दिलं होतं.

गुद्नीनं सगळ्यांना कॉफी ओतली. एयोल्फुरनं साखरेचा खडा दातात धरला.

"थोरग्रीमुरला शेवटचं कधी भेटलास?" स्टेनुननं विचारलं.

"सप्टेंबरात. डोंगरावरून उतरवलेल्या मेंढ्या ज्याच्या त्यानं वेगळ्या करून घेताना."

"एक तारखेला त्यानं ध्वज चढवला म्हणे. गुद्नीनं पाहिलं."

खडा दातांतून निसटून बशीत पडला. एयोल्फुर गुद्नीकडे बघतच राहिला.

"तू स्वतः पाहिलंस?"

"हो."

"चालत होता?"

"हो तर," गुद्नी म्हणाली आणि किटली उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेनुननं सगळ्या घरांना सभागृहात बोलावलं.

"थोरग्रीमुर तीन तारखेला मेला नाही," ती म्हणाली. "तो मेला तीस नोव्हेंबरला."

ओर्वारनं कॉफीचा कप खाली ठेवला.

"मेंढवाड्यात पाणी गोठत नाही, मग माणूस ओंडक्यासारखा कसा गोठेल? त्याला कुठेतरी थंडीत ठेवलं होतं. स्वेटरला मासळीचा वास आहे. गुद्नी, मासळी वाळवायची तुझी ती वारेशीर झोपडी आहे ना, तिथेच."

गुद्नी खाली बघत होती.

"आणि ध्वजाच्या दोरीवर तीस तारखेच्या पावसाचं बर्फ आहे. अखंड. एक तारखेला कोणी ती दोरी ओढली असती तर ते तडकून खाली पडलं असतं. त्या दिवशी तिथे ध्वज चढलाच नाही. तुम्ही सगळे एकसुरात खोटं बोललात. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहतं का?"

"तीस तारखेला संध्याकाळी मला तो सापडला," गुद्नी म्हणाली. "माळ्याखाली, थंडगार. वाटलं, पाय घसरला असेल. म्हातारा सकाळपर्यंत टिकला असता तर शाळा वाचली असती, एवढंच डोक्यात आलं. मी रात्रीतून नऊ घरं हिंडले. फक्त एयोल्फुरला सांगितलं नाही."

हाल्वेग उठून उभी राहिली होती. "तीन दिवस? माझ्या बाबांना तुम्ही तीन दिवस मासळीसारखं टांगून..."

"फळीवर ठेवला होता गं. चादर घालून."

हाल्वेगनं एकेकीकडे पाहिलं. लहानपणी याच बायकांनी तिला न्हाऊमाखू घातलं होतं, आणि आता त्यांच्यातली एकही तिच्याकडे बघत नव्हती.

"अजून संपलं नाही," स्टेनुन हळूच म्हणाली. "मरणाची तारीख पुढे ढकललीत आणि मारणाऱ्याला वाचवलंत. तो तीन तारखेला बंदरावर होता. तीस नोव्हेंबरला मात्र इथेच होता."

सगळ्यांच्या माना वळल्या.

"एयोल्फुर, तुला कोणी कटात घेतलं नव्हतं. म्हाताऱ्यानं ध्वज चढवला हे तुझ्या लेखी रोजच्यासारखं असायला हवं होतं. तू मात्र विचारलंस, 'चालत होता?' तो एक तारखेच्या आधीच पडला होता हे कटाबाहेरच्या कोणाला ठाऊक असणार? ज्यानं पडताना पाहिलं त्यालाच. बंदरावरून अर्जही तूच आधी आणून दिला होतास."

एयोल्फुरनं नाकारलं नाही. कालपासून तो झोपला नव्हता हे ओर्वारला दिसत होतं.

"एक सही मागत होतो," तो म्हणाला. "इथेच राहा म्हटलं, फक्त कागदावर लेकीकडे जा. तो माळ्यावर गवत काढत होता. म्हणाला, तुझी बायको गेली, तिच्यासाठी मी माझं नाव इथून पुसू का? मी ढकललं. मान कशी वाकडी झाली ते बघितलं आणि पळालो." त्यानं गुद्नीकडे पाहिलं. "आणि काल तू म्हणतेस तो चालत होता. मला वाटलं, मी त्याला जिवंत टाकून पळालो. तो तीन दिवस तसाच खुरडत होता. काल रात्रभर तेच दिसत होतं मला."

"नाही रे," गुद्नी म्हणाली. "तो तेव्हाच गेला होता."

एयोल्फुरनं तोंड दोन्ही हातांत झाकलं आणि हमसून रडायला लागला. ओर्वारनं उठून पोलिसांना फोन लावला.

गुद्नीनं कपाटातून शिरगणतीचा कागद काढला. पन्नासच्या आकड्यावर रेघ मारली, शेजारी एकोणपन्नास लिहिलं आणि खाली सही केली. मग कागद हाल्वेगपुढे ठेवला. हाल्वेगनं तो वाचला आणि पालथा घातला.

"म्हणजे आता बोगदा होणार," मागून कोणीतरी पुटपुटलं.

एयोल्फुरनं मान वर केली नाही. खिंड ओलांडायला पोलिसांच्या गाडीला चार तास लागले आणि तेवढा वेळ सगळे तिथेच बसून राहिले.