चौघेही बाहेरच होते

"आई, परत उघडलंस गे दार!"

गौरेशने खेळाचा रिमोट मांडीवर आपटला. "थेट पुढे चल म्हणून सांगितलं ना? गोळ्या संपल्या, औषध संपलं. आता परत पहिल्यापासून!"

"कोण तरी आत असेल, म्हणून बघितलं," भाग्यलक्ष्मी म्हणाली.

"कोणी नसतं आत!"

फोनच्या स्पीकरवर सागर हसला. "मावशी, मेलेल्यांना दार उघडतेसच, तर बसायला पाट पण दे."

यापुढचं कोणाला बनावट वाटलं तर वाटू दे. हे खरं घडलंय. गोव्यात डिचोलीजवळ सर्वणला, श्रावणातल्या एका रविवारी, भर दुपारी. वरण-भात जेवून सगळा वाडा आडवा झाला होता. भुताखेतांची वेळच नव्हे ती. म्हणून तर जास्त भीती वाटते.

खेळ तसा साधा. जगातली मेलेली माणसं उठून चालायला लागलीत. चौघे जिवंत उरलेत. त्यांनी गोळ्या झाडत, एकमेकांना सांभाळत पुढच्या सुरक्षित खोलीपर्यंत पोचायचं.

आधी तिघे खेळायचे. भाग्यलक्ष्मीचा थोरला प्रज्योत, धाकटा गौरेश आणि तुयेच्या कारखान्यात काम करणारा बहिणीचा मुलगा सागर. सागर तिकडे आपल्या खोलीतूनच खेळायचा. चौथा गडी यंत्राचा, त्याला खेळच चालवायचा.

मे महिन्यात प्रज्योत सागरबरोबर चोपड्याला गेला. शापोरा नदीत तिसऱ्यांचे शिंपले काढायला उतरला. सागर पिशवी आणायला काठावर आला. वळून बघतो तर...

पाण्यात कोणी नव्हतं.

होड्या फिरल्या. माणसं फिरली. प्रज्योत मिळाला नाही.

घरात तेव्हापासून एकच वाक्य. 'प्रज्योत यायचाय.' विचारणाऱ्यालाही तेच, एकमेकांनाही तेच.

त्याचा रिमोट टीव्हीखाली नुसता पडलेला भाग्यलक्ष्मीला बघवेना. एक दिवस तिने तो उचलला. "मला शिकव रे," ती गौरेशला म्हणाली.

पन्नाशीला टेकलेली बाई. आधी खेळातला तिचा माणूस भिंतीवरच डोकं आपटत राहायचा. पण हळूहळू जमलं. एक गोष्ट तर तिला फारच आवडली. या खेळात कोणाला एकट्याने पळून जाता येत नाही. एक पडला की दुसऱ्याने मागे फिरायचं. मेलेले अंगावर येत असले तरी बटण धरून ठेवायचं आणि पडलेल्याला हात देऊन उठवायचं. खेळ बनवणाऱ्याला आईबापांनी चांगलं वळण लावलंय, असं ती म्हणायची.

बाकी सगळा वैताग. गोळ्या कधी पुरत नाहीत. हरलं की परत पहिल्यापासून. मेलेले सगळे त्याच चार तोंडांचे. आणि तो यंत्राचा चौथा! नेमका दाराच्या मधोमध उभा. पंगत वाढताना वाटेत उभ्या राहणाऱ्या पाहुण्यासारखा. स्वतःला जरा खरचटलं की अख्खं औषध संपवणार.

पण गौरेशचा खरा राग एका नियमावर होता. खेळताना आपल्यातला कोणी मेला तर तो कायमचा जात नाही. पुढे कुठल्यातरी बंद खोलीत तो असतो. आतून दार वाजवतो. साथीदाराने उघडलं की परत हजर.

"मग मरणाला किंमत काय राहिली? सगळा खेळ घाण केलाय तिथे," गौरेश म्हणायचा.

भाग्यलक्ष्मी मात्र वाटेतलं एकूण एक दार उघडून बघायची.

"अगे, आत असायला आधी मरावं लागतं," तो कितीदा समजवायचा. "आपण सगळे जिवंत, तर आत कोण असणार?"

ती मान हलवायची. आणि पुढचं दार उघडायची.

त्या दुपारी तिचा नवरा बाबाजी बाहेर बलकावात, पुढच्या पडवीत, खुर्ची टाकून बसला होता. तिथून त्याने विचारलं, "गणपतीवाल्याला काय सांगू गे? परत आला होता सकाळी."

"बघतो म्हणून सांगा."

"बघतो, बघतो! चवथ दारात येऊन उभी राहिली. गणपतीवर फळांची माटोळी बांधायची की नाही?"

घरात मरण झालेलं असेल तर त्या वर्षी चवथ नाही. झालेलं नसेल तर करायला हवी. मधलं काही नाही. भटजींनी बाबाजीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, देह मिळाला नाही तरी दर्भाचा पुतळा करून सगळं क्रियाकर्म करता येतं. ते शब्द कितीदा त्याच्या ओठांवर यायचे. बायको समोर आली की तो गिळून टाकायचा.

"आई, सुरू करतोय. आणि दारं उघडायची नाहीत!"

सुरू झालं. आणि नवल म्हणजे, या खेपेला कोणी पडलंच नाही. गोळ्या पुरल्या. सुरक्षित खोली समोर दिसायला लागली. मध्ये फक्त गोदामातली लांब वाट. इथे मेलेल्यांची झुंड येते. दर वेळी येते.

आली नाही.

"गौरेश... एकही नाही रे," सागर म्हणाला.

आणि मग...

ठक. ठक... ठक.

डाव्या हाताला एक बंद दार होतं. ते तिथे आधी कधीच नव्हतं, असं गौरेश आजही देवाच्या पायावर हात ठेवून सांगतो.

"कोण मेला?" त्याने विचारलं.

"मी इथे आहे. मावशी तुझ्या मागे."

पडद्याच्या कोपऱ्यात चार नावं. चारही जिवंत. चौघेही बाहेरच होते.

"खेळात काहीतरी बिघाड आहे. चल पुढे," गौरेश म्हणाला. पण त्याचाही माणूस जागचा हलला नाही.

यंत्राचा चौथा त्या दारासमोर जाऊन उभा राहिला होता. तोंड दाराकडे. बंदूक खाली.

ठक. ठक... ठक.

गौरेशने टीव्हीचा आवाज घालवला. पूर्ण.

ठक. ठक... ठक.

दोन थापा. थांबून एक. प्रज्योत उशिरा आला की बेल वाजवायचा नाही. बापाला जाग येईल म्हणून मागच्या दारावर अशाच थापा मारायचा. सागरही कितीदा त्याच्यासोबत त्या दारात उभा राहिला होता.



"बंद कर, गौरेश." सागर म्हणाला. "मी हेडफोन काढलेत. तरी येतोय आवाज."

बाहेर खुर्ची सरकली. बाबाजी घाईघाईने आत आला. टीव्हीकडे त्याने बघितलंही नाही.

"मागच्या दारी कोण गे?"

उत्तराची वाट न बघता तो स्वयंपाकघरात गेला. कडी काढली. परसात ऊन होतं. केळी होत्या. माणूस नव्हता. तरी दार धरून तो तसाच उभा राहिला. पाठमोरा.

"आई, सोड तो रिमोट," गौरेश म्हणाला. "बंद करतो मी."

पण तिचा माणूस दाराशी पोचला होता. बोट बटणावर होतं. एवढी दारं उघडली तिने. सगळी रिकामी. आज पहिल्यांदा आत कोणीतरी होतं. एकदा दाबलं की झालं.

थापा आता हळू होत चालल्या होत्या. दमलेल्या माणसाच्या असाव्यात तशा.

बोट दाबेना.

दाबलं आणि तो दिसला, तर? तर तो आधी मेलेला असणार. नियमच तसा. गौरेशने तो इतक्यांदा सांगितला होता, आणि तिला तो आत्ता ऐकू आला.

ठक...

"आई गे, सोड ना!"

"ओरडू नको, पुता."

तिने बोट काढलं. स्वयंपाकघराकडे बघितलं. बाबाजी अजून परसाकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते.

"अहो," ती म्हणाली, "लावा ते दार. प्रज्योत मेला आपला."