तुम्ही की आपण

"कडी बाहेरून लावलेली होती!" फौजदारांनी हे तिसऱ्यांदा म्हटलं, आणि तिसऱ्यांदा सगळ्यांनी इस्त्रीवाल्याकडे पाहिलं.

भर दुपार. शिवणकारखान्यासमोरचा फूटपाथ. तासाभरापूर्वी तळघरातल्या चिंध्यांच्या ढिगाने पेट घेतला होता. दिवे गेले. नऊ बायका धुरात जिना चढून वरच्या दाराला धडका देत राहिल्या. दार उघडलं ते इस्त्रीवाल्याने. बंब आला, आग विझली, सगळ्या जगल्या. आता त्या काळ्याठिक्कर तोंडांनी भिंतीला टेकून खोकत होत्या, आणि दार उघडणाऱ्यालाच पोलीसगाडीत बसवायची तयारी चालली होती.

"दाराशी तू एकटाच होतास?"

"हो."

"मग कडी तूच लावलीस?"

इस्त्रीवाल्याने चोरट्या नजरेने आपल्या बहिणीकडे पाहिलं. "असेल."

"असेल म्हणजे काय?"

"म्हणजे... लावली."

नऊजणींतल्या काजवालीला एका जागी बसवेना. तिने केलेल्या काजातून बटण निसटलं तर लाजून आपलं आपण परत आत जातं, असं लोक म्हणत. लोक म्हणजे मुख्यतः ती स्वतः. पण डोळा तिचा खरंच बारीक. इस्त्रीवाल्याची नजर गेली कुठे, ते तिने टिपलं होतं.

बहीण पॅकिंगला होती. तळघराचं दार वाऱ्याने आपटायचं, म्हणून ती येता-जाता कडी सरकवायची. खालच्यांना वर यायचं झालं तर त्यांनी दार ठोकायचं, हिने उघडायचं. आज ती लेबलं आणायला मागच्या गल्लीत गेली होती. आता ती दोन्ही हात काखेत दाबून रडत होती.

"जाताना सरकवली की नाही, मला आठवतच नाही हो!"

"तू गप बस," इस्त्रीवाला ओरडला. "साहेब, चला, कुठे यायचं?"

"थांब जरा, घाई कसली? लग्नाला निघालायस?" काजवाली उठलीच. "फौजदारसाहेब, दोन प्रश्न विचारू? मग मला पण घाला गाडीत."

फौजदारांनी कपाळाला हात लावला. नको म्हटलं असतं तर तिने चार विचारले असते.

"साहेब," ती सुपरवायझरकडे वळली, "तुम्ही कुठे होता?"

सुपरवायझरच्या गालावर काजळी होती. सगळ्यात थोरल्या शिंपिणीला हाताला धरून बाहेर आणताना त्याला अख्ख्या गल्लीने पाहिलं होतं.

"काकू, काय विचारता? तुमच्याबरोबरच होतो की खाली. सारखा धीर देत होतो. विचारा यांना."

"हो हो, साहेबांचा आवाज येत होता," दोघीतिघी म्हणाल्या.

"काय म्हणत होते गं?"

"घाबरू नका म्हणाले. तुम्ही सगळ्या बाहेर पडाल, पाच मिनिटं दम धरा."

"मीही तेच ऐकलं." काजवालीने मान हलवली. मग इस्त्रीवाल्याला विचारलं, "आणि तू रे? होतास कुठे?"

"इस्त्रीची वायर जळली, म्हणून वायरमनकडे."

"परत आलास तेव्हा ही गाठोडी कुठे होती?"

फूटपाथवर पांढऱ्या शर्टांची चौदा गाठोडी ओळीने रचलेली होती. माल संध्याकाळी जायचा होता. एकालाही काजळीचं बोट लागलेलं नव्हतं.

"इथेच की. ओलांडताना ठेचकाळलो. मग आतून आरडाओरडा ऐकला आणि धावलो."

काजवालीने फौजदारांकडे पाहिलं. फौजदार गाठोड्यांकडे पाहत होते.

"आधी मला ते 'तुम्ही' खटकलं," ती म्हणाली. "पाठीशी आग असलेला माणूस 'तुम्ही बाहेर पडाल' म्हणेल का हो? 'आपण' म्हणेल. 'तुम्ही' म्हणतो तो दाराच्या पलीकडचा."

"बायकांना धीर देताना असंच बोलतात," सुपरवायझर हसला. "एका शब्दावरून फाशी देता का?"

"नाही देत. म्हणून तर गाठोडी विचारली. दार उघडायच्या आधीच ती इथे होती. आम्ही नऊजणी खाली. हा वायरमनकडे, ही लेबलांना. कारखान्यात उरलं कोण? तुम्ही आमच्याबरोबर कोंडलेले होता, तर गाठोडी काय पायांनी चालत आली?"

सुपरवायझरचं हसू तोंडावरच राहिलं.

"धूर दिसला तसं तुम्ही दार लावलंत. माल हलवायला लागलात. अधूनमधून दाराशी येऊन आम्हाला दम धरायला सांगत होतात. हा आला तेव्हा तुम्ही शेवटच्या गाठोड्यासाठी कपाटामागे असाल. दार उघडलं, धुराचा लोट आला, त्यात मिसळलात आणि थोरलीचा हात धरलात. अंधारात कोण बघतंय!"

"पांढरा माल होता," सुपरवायझर पुटपुटला. "धुराचा वास बसला की सगळा परत येतो. पाचच मिनिटांचं काम होतं."

"आमच्या हाका कितव्या गाठोड्याला ऐकू आल्या?"

त्याने गालावरची काजळी बाहीने पुसली.

"पहिल्याच."

फौजदारांनी त्याचा दंड धरला. गाडीत चढताना तो वळून ओरडला, "माझ्या जागी असतात तर तुम्हीही हेच केलं असतं!"

इकडे बहिणीने इस्त्रीवाल्याच्या पाठीत धपाटा घातला होता.

"मला न विचारता माझ्यासाठी तुरुंगात जाणारा तू कोण रे, दादा? म्हणजे तुला वाटलं, मीच लावली?"

"तुला नव्हतं वाटलं?"

"वाटलं होतं," ती म्हणाली आणि पुन्हा रडू लागली.

बायका हसल्या, खोकल्या, पुन्हा हसल्या. काजवाली हसली नाही. सुपरवायझरचं ओरडणं तिच्या कानातून जाईना. जिन्यात पायाखाली काहीतरी मऊ आलं होतं. कुणाचा तरी हात. तो हात आहे हे कळूनही तिने पाय उचलला नव्हता. त्यावरच जोर देऊन ती एक पायरी वर गेली होती.

ती भिंतीशी गेली आणि एकेकीचे हात बघत पुढे सरकू लागली. पहिलीचे धड होते. दुसरीचेही.

तिसरीने आपला उजवा हात हळूच पदराखाली घेतला.

"काही नाही गं," ती म्हणाली. "दाराला लागलं."

काजवाली तिच्यासमोर मांडी घालून बसली. "दाराला नाही," ती म्हणाली. "दे इकडे."