कुमारचा राहिलेला डाव

सांगा बरं, विश्वास कुणावर ठेवाल? "मोजून घ्या" म्हणतो त्याच्यावर, की "सगळं आलंय, मोजायचं काय त्यात" म्हणतो त्याच्यावर? गोदामाच्या धंद्यात दोन्ही तऱ्हेची माणसं भेटतात, आणि दुसऱ्या तऱ्हेची जरा जास्तच गोड बोलतात. भिवंडीजवळच्या राहनाळच्या दीपेशला विचारलं असतं तर तो हसून म्हणाला असता, "माणसांवर कशाला? कॉम्प्युटरवर ठेवा."

पैशांचे ऑनलाइन खेळ बंद व्हायच्या आधीची ही गोष्ट. दीपेश बाळाराम काकांच्या गोदामात आला-गेला माल लिहायचा आणि उरलेल्या वेळात वरच्या केबिनमध्ये पोकर खेळायचा. सोबतीला कुमार, भिवंडीत लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करणारा त्याचा दोस्त. प्रत्येक डाव कॉम्प्युटर साठवून ठेवायचा: कुणाकडे कुठले पत्ते, कोण घाबरला, कोण थापा मारत होता. साठवलेला डाव पुन्हा पडद्यावर जसाच्या तसा चालवून पाहता यायचा. समोरासमोर खेळताना पैसे न लावता पाळी पुढे द्यायची असेल तर टेबलावर बोटं आपटतात. कुमार कॉम्प्युटरसमोरही लाकडी टेबलावर आपटायचा. टक टक. मगच बटण दाबायचा.

एका संध्याकाळी चालू डाव तसाच टाकून "चहा घेऊन येतो" म्हणत तो उठला. कशेळीच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला. इकडे वेळ संपली आणि त्याचे पत्ते आपोआप फेकले गेले. ते दीपेशने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

कुमारची बहीण रीमा कापडाच्या घड्या घालायच्या कामाला होती. शुक्रवारी लूम बंद, तिला सुट्टी. त्या दिवशी ती केबिनमध्ये यायची आणि भावाचा एक डाव चालवून पाहायची. पोकर तिला कळत नव्हता. "इथं दादा थांबला बघ, आता डोकं खाजवत असणार," एवढंच म्हणायची. शेवटचा डाव मात्र तिने राखून ठेवला होता. "तो बघितला की संपलंच ना रे."

पुढे जुना कॉम्प्युटर भरला. नवीन डाव घेईना. दीपेशने मोठा आणला, डाव साठवायची यंत्रणाही मोठी, कितीही भरा. काका जिन्यात उभं राहून बघत होते.

"हाळी दिली का?"

"काका, हे काय कापडाचे तागे आहेत?"

"माल म्हंजे माल. जुन्या दारात एकानं हाळी द्यायची, नव्या दारात दुसऱ्यानं. लाभ, दोन, तीन... पयला तागा 'एक' न्हाय म्हनायचा, लाभ म्हनायचा. खाडीकडचं गोदाम हलवलं तवा आमी घाई केली. एक तागा मागं राहिला. नवा भाडेकरू दुपारचा आडवा झाला का त्याला कापड उलगडल्यासारखं ऐकू यायचं. सहा महिन्यांत पळाला."

"झोपायचं भाडं भरत होता का तो?" दीपेश म्हणाला. काका हसले, पण गेले नाहीत.

डाव नव्या घरात जात राहिले. शेवटचा मात्र जाईना. कुमारचा तो डाव कुठेतरी मोडला होता. तिथे आलं की सगळं अडायचं. दीपेशने तीनचारदा खटपट केली, कंटाळला, आणि तो एक वगळला. जुन्यातलं सगळं पुसून डबा भंगारात दिला. रीमाला म्हणाला, "सगळं आलं."

त्याच शुक्रवारी ती आली. लूम थांबले की भिवंडीला एक वेगळीच शांतता येते. रोज कानात असलेली खडखड नसते, तर आपणच पाण्याखाली गेल्यासारखं वाटतं. केबिनमध्ये ऊन पिवळं, स्टार्चचा वास, कबुतरांची अर्धवट झोपेतली घुमघुम. रीमा म्हणाली, "आज शेवटचा लाव."

उगाच शोधल्यासारखं करायचं म्हणून दीपेशने यादी उघडली.

तो डाव होता.

पत्ते वाटले गेले. कुमारची पाळी आली. आता पत्ते फेकले जाणार... पण फेकले गेले नाहीत. पडदा थांबला. आणि टेबलावर, टक टक. रीमाचे हात मांडीवर होते. दीपेशचे माउसवर. पडद्यावर पाळी हळूच पुढे सरकली.

"दादाची सवय," रीमा हसून म्हणाली. जणू त्यात नवल काहीच नव्हतं.

ती गेल्यावर दीपेशने नव्यातल्या डावांची बेरीज पाहिली. वहीत टिपलेल्या जुन्या बेरजेपेक्षा एक कमी. पुन्हा पाहिली. एक कमीच. डाव मोजणीत नव्हता, पण टेबलावर होता.

पुढच्या शुक्रवारी डाव आणखी एक पान पुढे गेला. टक टक. कुणीही न खेळलेला डाव चालला होता. दीपेशला आता खोटं पेलवेना.

"रीमा, मी खोटं बोललो. हा आणलाच नव्हता मी. मोडला होता... जुन्यातच राहिला. जुना तर पुसून टाकला."

ती हळू आवाजात म्हणाली, "मग हा कुठून खेळतोय?"

जिन्यात काका उभे होते. "हाळी दे," ते म्हणाले. "जुन्या दारात तो हाय. नव्या दारात तू."

दीपेश पडद्याकडे वळून म्हणाला, "लाभ..."

कोपऱ्यातल्या रिकाम्या टेबलावरून, जिथे जुन्या डब्याचा धुळीतला चौकोन अजून दिसत होता, उत्तर आलं. टक टक. पडद्यावर कुमारचे पत्ते शांतपणे फेकले गेले, त्या संध्याकाळी फेकले गेले होते तसे. डाव संपला. बेरीज जुळली. रीमाने डोळे पुसले, दीपेशकडे न बघता म्हणाली, "तेव्हाच सांगायचं होतंस रे. मी काय भांडले असते?"

तिघंही जिना उतरायला लागले. अर्ध्यावर असताना वर पुन्हा वाजलं. टक टक.

"दोन" कुणीच म्हटलं नव्हतं.

तेव्हापासून बेरीज जुन्यापेक्षा एकाने जास्त आहे. तो जादा डाव कुठला, कुणाचा, दीपेशला अजून सापडलेला नाही. म्हणून म्हणतो, तुम्हीही कधी माल हलवाल, घर हलवाल. आलं ते आलं म्हणा, राहिलं ते राहिलं म्हणा. एवढं माझं ऐका, हिशेब खरा ठेवा.